अमेरिकेतला लष्करी तळ त्याच्या राज्याला नक्की किती कमवून देतो?

प्रश्न असा आलाय की अमेरिकेत जवळजवळ प्रत्येक राज्य आपल्याकडच्या लष्करी तळांबद्दल "यामुळे आमच्या इकॉनॉमीत दरवर्षी इतके अब्ज डॉलर येतात, इतक्या हजार नोकऱ्या टिकतात" असं छापत असतं, तर हा आकडा येतो कुठून, त्यात खरं किती, आणि उद्या तळ बंद झाला तर तेवढं सगळं खरंच बुडतं का. माझं कामच रीजनल इकॉनॉमिक्सचं आहे, असले इम्पॅक्ट रिपोर्ट बनवलेतही आणि दुसऱ्यांनी बनवलेले तपासलेतही, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आकडा सहसा खोटा नसतो. गडबड अशी की तो भलत्याच प्रश्नाचं उत्तर असतो. रिपोर्ट सांगतो की तळाच्या निमित्ताने वर्षभरात किती पैसा हातातून हातात फिरला, आणि वाचणारा समजतो की तळ नसता तर राज्य तेवढ्याने गरीब असतं. दोन्हीत फार मोठं अंतर आहे आणि ते अंतर भरायला कुणालाच घाई नसते, कारण रिपोर्टचे पैसे बहुतेक वेळा ज्यांना तळ वाचवायचाय त्यांनीच दिलेले असतात. त्यात काही पाप नाही, फक्त वाचताना लक्षात ठेवायचं.

बनवायची पद्धत साधारण अशी. आधी डायरेक्ट खर्च गोळा करायचा, म्हणजे सैनिकांचे पगार, तळावर काम करणाऱ्या सिव्हिलियन लोकांचे पगार, राज्यात झालेली कॉन्ट्रॅक्ट्स, बांधकाम. मग तो एखाद्या मॉडेलमध्ये टाकायचा. इम्प्लॅन हे त्यातलं सगळ्यात वापरातलं, ते मुळात १९७० च्या दशकात अमेरिकेच्या फॉरेस्ट सर्व्हिसमध्ये जंगलांच्या प्लॅनिंगसाठी सुरू झालं होतं. दुसरं रिम्स-टू, ते केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ इकॉनॉमिक अॅनालिसिसचं. ही मॉडेल्स सांगतात की कॉन्ट्रॅक्टरने पुढे कुणाकडून माल घेतला (इनडायरेक्ट) आणि पगार घेणाऱ्यांनी तो कुठे उडवला (इंड्यूस्ड). तिन्हींची बेरीज म्हणजे तो मथळ्यातला आकडा.

आता यात फुगवटा कुठे येतो बघा. पहिला म्हणजे कॉलमचा. मॉडेल तुम्हाला आउटपुट (म्हणजे एकूण विक्री) पण देतं आणि व्हॅल्यू अॅडेड (म्हणजे प्रत्येक टप्प्यावर नव्याने पडलेली भर तेवढीच) पण देतं. आउटपुटमध्ये एकच पैसा दोनदा तीनदा मोजला जातो, सिमेंटवाल्याची विक्री वेगळी आणि तेच सिमेंट घालून बांधलेल्या बराकीची किंमत वेगळी. राज्याच्या जीडीपीशी तुलना करायची तर व्हॅल्यू अॅडेडच घ्यायला पाहिजे, पण आउटपुटचा आकडा मोठा दिसतो म्हणून पहिल्या पानावर तोच येतो, आणि मग कुणीतरी त्याला राज्याच्या जीडीपीने भागून "इतके टक्के इकॉनॉमी तळावर चालते" असं भाषणात ठोकून देतं, जे गणित म्हणूनच चूक आहे.

दुसरा फुगवटा रिटायर झालेल्या सैनिकांचा. त्यांची पेन्शन तळाच्या खात्यात धरायची का? तळावरचं हॉस्पिटल आणि कमिसरी (म्हणजे तळावरचं सवलतीचं किराणा दुकान) जवळ पाहिजे म्हणून बरेच लोक तिथेच राहतात हे खरं, पण सगळे काही त्यासाठी राहत नाहीत, कुणी बायकोचं माहेर म्हणून, कुणी हवा चांगली म्हणून. सगळी पेन्शन तळाच्या नावावर टाकणं म्हणजे अति झालं, आणि शून्य धरणं पण बरोबर नाही. प्रामाणिक रिपोर्टमध्ये ही ओळ वेगळी दाखवलेली असते. तिसरी गोष्ट कॉन्ट्रॅक्ट्सची, काम खरंच राज्यात झालं की फक्त कंपनीचं ऑफिस राज्यात आहे, हे सरकारी डेटात नेहमी स्वच्छ कळत नाही.

पण माझ्या मते सगळ्यात मोठा घोळ सैनिकाच्या पगाराचा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो.

समजा एक तरुण सार्जंट आहे, लग्न झालेलं, एक मूल, पोस्टिंग नॉर्थ कॅरोलायनात फोर्ट ब्रॅगला. त्याला बेसिक पगार मिळतो, वर घरासाठीचा भत्ता (बीएएच) आणि जेवणाचा भत्ता, हे दोन्ही भत्ते टॅक्स-फ्री. बेसिकमधून केंद्राचा टॅक्स आणि सोशल सिक्युरिटी कापली जाते, रिटायरमेंटच्या फंडात काही जातं. हा सार्जंट कागदोपत्री टेक्सासचा रहिवासी आहे. केंद्राच्या कायद्याने सैनिकाच्या लष्करी पगारावर इनकम टॅक्स लावायचा हक्क त्याच्या मूळ राज्याला, पोस्टिंगच्या राज्याला नाही, आणि टेक्सासमध्ये स्टेट इनकम टॅक्सच नाही, म्हणजे नॉर्थ कॅरोलायनाला या पगारातून थेट काहीच नाही. २००९ पासून एक कायदा बायकोलाही बऱ्याच वेळा तीच सवलत देतो. किराणा कमिसरीतून आणला तर त्यावर सेल्स टॅक्स नाही, त्याऐवजी ५ टक्के सरचार्ज असतो जो ती दुकानंच बांधायला आणि दुरुस्त करायला जातो. टीव्ही तळावरच्या एक्स्चेंजमधून (म्हणजे सैनिकांसाठीच्या जनरल स्टोअरमधून) घेतला तर तिथेही सेल्स टॅक्स नाही. ट्रकचं कर्ज भलत्याच राज्यातल्या बँकेचं. घर जर तळाच्या आत असेल तर १९९६ नंतर ही घरं खासगी कंपन्यांकडे गेलीत, भत्ता जवळजवळ सगळा त्या कंपनीकडे, आणि कंपनीचं मुख्य ऑफिस कुठे तर दुसरीकडेच.

उरलं काय तर पेट्रोल, टायर, केस कापणं, बाहेरचं खाणं, पाळणाघर, आणि तळाबाहेर भाड्याने राहत असेल तर भाडं. हा पैसा गावात खरंच फिरतो आणि गावाला त्याचाच आधार असतो. पण तेवढ्याच पगाराचा सिव्हिलियन कर्मचारी बघा, त्याचं स्वतःचं घर असतं, प्रॉपर्टी टॅक्स भरतो, राज्याचा इनकम टॅक्स भरतो, किराणा गावातून घेतो, वीस-पंचवीस वर्षं तिथेच असतो. मॉडेलमध्ये दोघांना एकाच प्रकारचं कुटुंब धरून टाकलं की सैनिकाचा मल्टिप्लायर (म्हणजे त्याच्या एका डॉलरमागे राज्यात एकूण किती डॉलर फिरतात तो गुणक) उगाच फुगतो. म्हणून मी कुठलाही रिपोर्ट हातात घेतला की आधी हेच शोधतो की सैनिक आणि सिव्हिलियन वेगळे मोजलेत का.

यावरूनच पुढचा मुद्दा येतो की "लष्करी तळ" हा एकच प्रकार नाही. ओक्लाहोमातला टिंकर एअर फोर्स बेस घ्या, तिथे विमानांची आणि इंजिनांची मोठी दुरुस्ती चालते, तळावर २६,००० च्या वर माणसं काम करतात आणि त्यात सिव्हिलियनच जास्त. जॉर्जियातला रॉबिन्स तसाच. हे तळ म्हणजे खरं तर सरकारी कारखानेच, राज्याच्या दृष्टीने हेच सगळ्यात फायद्याचे, मेकॅनिक लोकांचे पगार चांगले आणि त्यांच्यामागे छोट्या मशीन शॉप्सची रांग उभी राहते. फोर्ट ब्रॅग, फोर्ट हूड हे सैन्याचे तळ, माणसं प्रचंड पण तरुण आणि सतत बदलणारी. आणि तिसरा प्रकार अलाबामातल्या रेडस्टोन आर्सेनलसारखा. १९५० मध्ये फॉन ब्राऊनची रॉकेटवाली टीम तिथे आली, १९६० मध्ये नासाचं मार्शल सेंटर झालं, मग शेजारी रिसर्च पार्क, इंजिनिअर लोकांच्या कंपन्या, आणि २०२० च्या जनगणनेत हंट्सव्हिलने बर्मिंगहॅमला मागे टाकलं, आज ते अलाबामातलं सगळ्यात मोठं शहर आहे. असा परिणाम कुठल्याही मल्टिप्लायरमध्ये पकडता येत नाही, कारण मॉडेल एका वर्षाचा फोटो काढतं आणि हे सत्तर वर्षांत घडलंय. उलट प्रत्येक तळ हंट्सव्हिल होईल असं धरून चालणंही भाबडेपणाच आहे, बहुतेक होत नाहीत.

आता "राज्याला" म्हणताना राज्याची इकॉनॉमी की राज्याची तिजोरी? तळाच्या जमिनीवर प्रॉपर्टी टॅक्स लागत नाही आणि तिथल्या शाळा चालतात त्याच टॅक्सवर. सैनिकांची मुलं गावातल्या शाळेत येतात पण आईबाप राहतात टॅक्स नसलेल्या जमिनीवर, म्हणून १९५० पासून इम्पॅक्ट एड नावाची केंद्राची मदत आहे. मात्र कायद्यातल्या फॉर्म्युल्याप्रमाणे पूर्ण रक्कम शाळांना कित्येक दशकांत मिळालेली नाही. तळामुळे रस्ते, शाळा यांचा खर्च वाढतो तो कुठल्या इम्पॅक्ट रिपोर्टमध्ये वजा केलेला तुम्हाला क्वचितच दिसेल.

आणि तळ नक्की कुठल्या राज्याचा, हे पण दर वेळी सरळ नसतं. फोर्ट कॅम्पबेलचा पत्ता केंटकीचा, पण जमीन जास्त टेनेसीत. टेनेसीत पगारावर इनकम टॅक्स नाही, केंटकीत आहे. तळाच्या केंटकीतल्या बाजूला काम करणारे टेनेसीचे सिव्हिलियन लोक तक्रार करत होते की आम्ही राहतो तिथे टॅक्स नाही मग केंटकीला का भरायचा, शेवटी १९९८ मध्ये काँग्रेसने कायदाच केला की कर्मचारी ज्या राज्यात राहतो त्याच राज्याला टॅक्स. म्हणजे केंटकी "आमचा तळ" म्हणून आकडे छापते आणि घरं वाढतात टेनेसीतल्या क्लार्क्सव्हिलमध्ये. पोर्ट्समथ नेव्हल शिपयार्डचं याच्या उलट. न्यू हॅम्पशायरने दावा लावला की शिपयार्डचं बेट शेजारच्या मेन राज्याच्या नाही, आमच्या हद्दीत येतं, २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फेटाळला, त्यामुळे न्यू हॅम्पशायरमध्ये राहून शिपयार्डमध्ये काम करणारे आजही मेनला इनकम टॅक्स भरतात. सीमेवरच्या तळाचा रिपोर्ट वाचताना नकाशा शेजारी ठेवलेलाच बरा.

तळ बंद झाला तर काय? अमेरिकेत यासाठी ब्रॅक नावाची प्रक्रिया आहे, १९८८, १९९१, १९९३, १९९५ आणि २००५ अशा पाच फेऱ्या झाल्या, त्यामुळे अंदाज विरुद्ध प्रत्यक्ष असं तपासायला भरपूर मटेरियल आहे. रँड या संशोधन संस्थेने १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातले तीन बंद तळ तपासले, फोर्ट ऑर्ड, जॉर्ज आणि कॅसल, आणि निष्कर्ष असा की जेवढा हाहाकार भाकीत केला होता तेवढा झाला नाही. पुढच्या अभ्यासांतही साधारण असंच दिसलं की तळावरच्या नोकऱ्या जातात, पण त्याच्या पटीत बाहेरच्या नोकऱ्या जातील असं मल्टिप्लायर सांगतो ते बहुतेक ठिकाणी घडत नाही, दरडोई उत्पन्नावर तर फारच थोडा फरक.

का घडत नाही याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. कारखाना बंद झाला की कामगार गावातच राहतो, बेकार म्हणून. तळ बंद झाला की सैनिक बेकार होत नाही, त्याची बदली होते, तो बायकापोरांसकट निघून जातो. त्यामुळे बेकारीचा दर फारसा हलत नाही पण लोकसंख्या धपकन खाली येते. मार कुणाला बसतो तर घरमालकाला, शाळेला, आणि तळावरच्या सिव्हिलियन कर्मचाऱ्याला. राज्यपातळीचे आकडे बघाल तर काहीच झालं नाही असं वाटेल, गावात जाऊन बघाल तर दर तिसऱ्या घरावर विक्रीची पाटी. मेनमधलं लोरिंग एअर फोर्स बेस १९९४ मध्ये बंद झालं, लाइमस्टोन गावाची लोकसंख्या १९९० मध्ये दहा हजारांच्या आसपास होती ती २००० मध्ये अडीच हजारांच्याही खाली. आजूबाजूला बटाट्याची शेती आणि जंगल, जवळ मोठं शहर नाही. नंतर लष्कराच्याच हिशोब खात्याचं एक ऑफिस तिथे आणून बसवलं, तो आधार, पण गाव आधीसारखं काही झालं नाही.

आणि त्याच सुमारास टेक्सासमध्ये बर्गस्ट्रॉम बंद झालं १९९३ ला, ऑस्टिनला नवा विमानतळ हवाच होता, लांब मजबूत धावपट्टी आयती मिळाली, १९९९ मध्ये तिथून प्रवासी विमानं उडायला लागली. न्यू हॅम्पशायरचं पीझ १९९१ ला बंद झालं आणि आज तिथल्या बिझनेस पार्कमध्ये दहा हजारांच्या वर नोकऱ्या आहेत, तळाच्या काळापेक्षा जास्त. दोन्हीकडे शेजारची इकॉनॉमी आधीच वाढती होती आणि जमिनीला मागणी होती. म्हणजे तळ गेल्यावर काय होणार हे तळाच्या आकारापेक्षा तळ कुठे आहे यावर ठरतं, आणि इम्पॅक्ट रिपोर्टमध्ये नेमकं हेच नसतं, कारण मॉडेलला मोकळ्या झालेल्या जमिनीची किंमत शून्य दिसते. अर्थात जमीन हातात यायला वेळ लागतो. फोर्ट ऑर्डला न फुटलेला दारूगोळा शोधून काढायचं काम वर्षानुवर्षं चाललं. पीझला २०१४ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत आग विझवायच्या फोममधली पीएफएएस केमिकल्स सापडली, तळ बंद झाल्यावर तेवीस वर्षांनी.

तळ चालू असतानाचेही काही परिणाम आकड्यात येत नाहीत. घरभाडं घ्या. घराचा भत्ता हुद्दा, कुटुंब आणि भागातलं भाडं बघून ठरतो आणि त्याचं टेबल नेटवर कुणालाही दिसतं, घरमालकालाही. मग सार्जंटला किती मिळतात तेवढंच भाडं मागितलं जातं, आणि त्याच गावातल्या वेट्रेसला किंवा शाळेतल्या शिपायाला ते भत्त्याशिवाय भरावं लागतं. रिपोर्टमध्ये ही भाडेवाढ फायद्याच्या बाजूला जमा होते! दुसरं म्हणजे सैनिकांच्या बायका (आणि नवरे). दर दोन-तीन वर्षांनी बदली, त्यामुळे त्यांच्यातली बेकारी लष्कराच्या स्वतःच्या सर्वेक्षणांत २० टक्क्यांच्या आसपास निघते. गावातल्या मालकाला शिकलेली माणसं कमी पगारात मिळतात, चांगलं की वाईट ते तुम्ही कुठल्या बाजूला उभे आहात त्यावर. आणि तळाच्या गेटबाहेर महागड्या कर्जांची दुकानं इतकी झाली होती की २००६ मध्ये सैनिकांसाठी व्याजावर ३६ टक्क्यांची मर्यादा घालणारा कायदा करावा लागला.

"तळ असला की मंदीची चिंता नाही" असं लोक म्हणतात ते अर्धंच बरोबर. मंदीत पगार थांबत नाही हे मोठंच आहे. पण तळाच्या गावाची स्वतःची वेगळी मंदी असते, ती देशाच्या मंदीबरोबर येत नाही. १९९०-९१ ला आखाती युद्धासाठी कॅम्प लेज्यूनचे मरीन गेले आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या जॅक्सनव्हिलमध्ये दुकानदार हात चोळत बसले. २०१३ मध्ये बजेटच्या भांडणात सिव्हिलियन कर्मचाऱ्यांना सहा दिवस बिनपगारी घरी बसवलं, तेव्हा झळ सैन्याच्या तळांपेक्षा टिंकरसारख्या ठिकाणी जास्त.

राजकारणाबद्दल थोडंच. राज्यं हे आकडे घेऊन वॉशिंग्टनला जातात, पण ब्रॅकच्या निकषांमध्ये स्थानिक इकॉनॉमीवरचा परिणाम सहाव्या नंबरवर आहे आणि पहिले चार निकष लष्करी उपयोगाचे. २००५ मध्ये न्यू मेक्सिकोतलं कॅनन बंद करायच्या यादीत होतं, लष्कराच्याच हिशोबाने क्लोव्हिस भागातल्या सुमारे २० टक्के नोकऱ्या जाणार होत्या, तरी यादीत होतंच. साउथ डकोटाचं एल्सवर्थ वाचलं ते नोकऱ्यांच्या रडगाण्यावर नाही, बंद करून पैसे वाचतच नाहीत हे ब्रॅकच्या कमिशनला (म्हणजे लष्कराची यादी तपासणाऱ्या स्वतंत्र मंडळाला) पटलं म्हणून. व्हर्जिनिया बीचच्या ओशियाना तळाला तर कमिशनने उलट अटी घातल्या की धावपट्टीभोवती घरं बांधणं थांबवा, जमीन विकत घ्या, आणि राज्याने व शहराने खरंच कोट्यवधी डॉलर खर्च केले. मला विचाराल तर तळ टिकवायला राज्याने पैसा घालायचाच असेल तर तो अशा जमिनीत घालावा, चकचकीत रिपोर्टात नाही.

तुमच्या हातात एखाद्या तळाचा रिपोर्ट असेल तर त्यात तीन गोष्टी बघा: सैनिक आणि सिव्हिलियन वेगळे धरलेत का, जीडीपीशी तुलना व्हॅल्यू अॅडेडची आहे का, आणि पेन्शन वेगळ्या ओळीत आहे का. आणि शक्य असेल तर बनवणाऱ्याला सांगा की "तळ पूर्ण बंद" या सिनारिओऐवजी एक ब्रिगेड (काही हजार सैनिकांची तुकडी) कमी झाली तर काय, ते मोजून दे. २००५ नंतर ब्रॅकची नवी फेरी झालेली नाही, पण २०१५ मध्ये आर्मीने ४०,००० सैनिक कमी करायची घोषणा केली ती एकही तळ बंद न करता. गावांना फटका बसतो तो जास्त करून असाच, आणि तो आकडा छोटा असल्यामुळे कुणी छापत नाही.